चार चाकं, दोन रकाने

मोटारीसाठी कर्ज काढणाऱ्या माणसाच्या कागदांत दोन नंबर हटकून असतात. एक इंजिनाचा, दुसरा चेसीचा. सुशिक्षित मंडळी त्या शब्दाचा उच्चार ‘शासी’ करतात, परंतु गॅरेजपासून आरटीओच्या दारातल्या एजंटापर्यंत सगळे ‘चेसी’च म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणणार आहे. लोखंडावर कोरलेल्या त्या नंबरावर कागद ठेवायचा, वरून पेन्सिल घासायची आणि उमटलेले अंक फाइलला लावायचे. छत्तीस वर्षांच्या बँकेतल्या नोकरीत असे किती कागद माझ्या टेबलावरून गेले असतील, याची गणती नाही. पुण्यात राहणाऱ्या माणसाला तर चेसी उघड्या डोळ्यांनीही दिसे. पूर्वी जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर ट्रकच्या नुसत्या चेसी धावत. वर छप्पर नाही, दारं नाहीत, आणि कानाला मफलर गुंडाळलेला ड्रायव्हर वाऱ्यापावसात स्टिअरिंग धरून बसलेला. पुढे कुणीतरी त्यावर लाकडी बॉडी चढवणार, रंग देणार, मागे शेर लिहिणार. पण ट्रकचं खरं दैव त्या उघड्या सांगाड्यातच ठरलेलं असे.

त्या सांगाड्याचा विचार मी इतक्या बारकाईनं करू लागलो तो मात्र निवृत्तीनंतर, आणि तोही जेमतेम दीड फूट लांबीच्या मोटारीमुळे.

माझा नातू यंदा दहावीची परीक्षा देऊन मोकळा झाला. सुट्टीत काय करणार, असं विचारल्यावर तो म्हणाला, “आबा, मला रेडिओ कंट्रोलची शर्यतीची गाडी बनवायची आहे. विकत नाही घ्यायची, बनवायची. चेसी स्वतःची.” त्यासाठी पंधरा हजार रुपये हवे होते. त्याचे वडील, म्हणजे आमचे चिरंजीव, हिंजवडीला संगणकाच्या कंपनीत आहेत. त्यांचं म्हणणं, “एवढ्या पैशांत तयार गाडी येते, शिवाय अकरावीची तयारी आहे.” तेव्हा प्रकरण माझ्याकडे आलं. मी नातवाला सांगितलं, की बक्षीस मिळणार नाही, कर्ज मिळेल. प्रकल्प अहवाल दे. त्यानं दोन पानी अहवाल दिला. जुनी, खालचा पाट फुटलेली गाडी एका कॉलेजच्या मुलाकडून घ्यायची, चाकं, गिअर आणि सस्पेन्शन तिचं वापरायचं, खालचा आणि वरचा पाट नवा कापायचा. शेवटी ‘परतफेड : दरमहा पाचशे’ असंही लिहिलं होतं, सोसायटीतल्या मुलांची बिघडलेली खेळणी आणि ड्रोन दुरुस्त करून तो ते फेडणार होता. मंजूर न करण्यासारखं त्यात काही नव्हतं.

खेळण्यातली रिमोटची गाडी आणि ही गाडी यांत फरक काय, असा प्रश्न घरी सगळ्यांनाच पडला होता. तो फरक चेसीचाच. खेळण्यात प्लास्टिकचा एक डबा असतो, त्यातच सगळं कोंबलेलं. मोडलं की फेकायचं. शर्यतीच्या गाडीत तळाशी एक सपाट पाट असतो. त्यावर बॅटरी, मोटर, वेग नियंत्रित करणारी चकती, चाकं वळवणारी सर्व्हो मोटर, रेडिओचा रिसीव्हर, असं सगळं स्क्रूनं बसवलेलं. चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन, तेल भरलेले चार बोटभर शॉक अॅब्सॉर्बर. बॉडी म्हणजे वरून घातलेला पातळ पारदर्शक प्लास्टिकचा झगा. प्रत्येक भाग सुटतो, बदलता येतो, पुढेमागे सरकवता येतो. थोडक्यात, खेळणं वापरायचं असतं आणि ही गाडी जुळवायची असते.

या गाड्या बहुधा एकास दहा प्रमाणाच्या असतात. म्हणजे खऱ्या मोटारीच्या एक दशांश लांबी, रुंदी आणि उंची. इथे एक गंमत आहे. तिन्ही मापं दहा-दहा पटींनी कमी झाली, की वजन हजार पटींनी कमी होतं. खरी मोटार चौदाशे किलोची धरली तर ही भरते चौदाशे ग्रॅम, आणि प्रत्यक्षातही साधारण तितकीच भरते. पण गुरुत्वाकर्षण काही दहा पटींनी कमी होत नाही. त्यामुळे ही छोटी गाडी खऱ्या गाडीच्या सुमारे तिप्पट चपळाईनं कलते, उसळते, घसरते. तळहातावर लांब काठी उभी करून तोल सांभाळता येतो, पेन्सिल उभी करून पाहा, जमणार नाही. काठी सावकाश पडते, पेन्सिल पटकन. म्हणजे चालवणाऱ्यानं तिप्पट वेगानं चूक ओळखायला हवी. ते माणसाला जमत नाही, म्हणून ते काम चेसीवर सोपवावं लागतं. गाडी मुळातच समंजस असावी लागते.

हा नाद जगात रुजला त्याला पन्नास वर्षं होत आली. जपानमधल्या शिझुओका शहरातल्या तामिया कंपनीनं १९७६ मध्ये पोर्शे ९३४ या मोटारीची एकास बारा प्रमाणाची विजेवर चालणारी प्रतिकृती बाजारात आणली. कंपनीचे प्रमुख शुनसाकु तामिया हे २०२५ मध्ये वारले. प्रतिकृती अचूक व्हावी म्हणून त्यांनी खरीखुरी पोर्शे ९११ विकत घेऊन ती सुटी करून पाहिली होती. खेळण्यासाठी मोटार मोडणारा माणूस! आमच्या बँकेत असा प्रस्ताव आला असता तर मॅनेजरनं अर्जदाराला पाणी प्यायला दिलं असतं. परंतु त्या वेडातूनच घराघरांतल्या मुलांना स्क्रू-ड्रायव्हर हातात घेऊन गाडी स्वतः जोडण्याची गोडी लागली.

त्यानंतरची पायरी अमेरिकेतली. कॅलिफोर्नियातल्या असोसिएटेड इलेक्ट्रिक्स कंपनीनं १९८४ मध्ये ‘आरसी १०’ नावाची गाडी काढली. रॉजर कर्टिस यांच्या या गाडीची चेसी म्हणजे विमानाच्या दर्जाचा अॅल्युमिनियमचा पत्रा. कडा वर दुमडून त्याला लांबट परातीसारखा आकार दिलेला आणि वर सोनेरी मुलामा. दुमडलेल्या कडांत सगळी हुशारी आहे. सपाट पत्रा हातात धरला तर लवतो. त्याच पत्र्याच्या कडा वळवल्या की वजन न वाढवता तो ताठ होतो. आपली परात याच कारणानं वाकत नाही. पुढच्याच वर्षी, १९८५ मध्ये, कॅलिफोर्नियात डेल मार इथे मातीच्या ट्रॅकवरची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली, तेव्हा दोन चाकांना शक्ती मिळणाऱ्या गाड्यांच्या गटात जे हॅल्सी यानं हीच गाडी चालवून विजेतेपद मिळवलं.

इंग्लंडमध्ये नॉर्दॅम्प्टनला सेसिल शूमाकर नावाचे इंजिनिअर होते. फॉर्म्युला वनचे ते शूमाखर नव्हेत. शर्यतीच्या मोटारींची इंजिनं बनवणाऱ्या कॉसवर्थ कंपनीत काम केलेले हे गृहस्थ छोट्या गाड्यांकडे वळले आणि त्यांनी बॉल डिफरन्शियल तयार केलं. वळताना बाहेरचं चाक जास्त फिरावं लागतं आणि आतलं कमी. खऱ्या मोटारीत हे काम गिअर करतात. शूमाकरांनी गिअरऐवजी दोन चकत्यांमध्ये छोट्या गोळ्या दाबून बसवल्या आणि तो दाब एका स्क्रूनं कमीजास्त करता येईल अशी सोय केली. त्यांच्या ‘कॅट’ गाडीवर १९८७ मध्ये इंग्लंडमध्ये रॉम्सी इथे जपानचा मासामी हिरोसाका चार चाकी गटात जगज्जेता झाला. तेव्हा तो अगदी कोवळ्या वयाचा होता. पुढे एकूण चौदा जागतिक विजेतेपदं त्याच्या नावावर लागली. गाडी चालवायचा मुलगा आणि ती तयार करून द्यायचे वडील, अशी ती जोडी होती. ही माहिती मी जेवताना मुद्दाम मोठ्यानं सांगितली. चिरंजीवांनी आमटीत लक्ष घातलं.

आता आमच्या घरातल्या कारखान्याकडे येऊ. कंपन्या चेसीचा पाट कार्बन फायबरचा करतात. सव्वादोन मिलिमीटर जाडीचा, ताठ आणि हलका. तो महाग, म्हणून नातवानं ग्लास इपॉक्सीचा पत्रा आणला. इलेक्ट्रिक पॅनेल बनवणारे वापरतात तोच. आलेख कागदावर आधी मध्यरेषा काढली. बॅटरी डावीकडे, मोटर आणि इतर विजेचं सामान उजवीकडे. दोन्ही बाजूंची वजनं सारखी व्हायला हवीत, नाहीतर गाडी एका अंगाला वळताना चलाख आणि दुसऱ्या अंगाला मठ्ठ होते. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर मूळ गाडीइतकंच, सुमारे २५७ मिलिमीटर ठेवलं. अंतर वाढवलं तर गाडी सरळ रस्त्यावर शांत धावते, पण वळायला कुरकुरते.

कापण्याचं काम घरात करू द्यायचं नाही, हे मी आधीच ठरवलं होतं. काचेच्या किंवा कार्बनच्या धाग्यांची धूळ फुप्फुसात जाणं वाईट. ते तोंडाला मास्क बांधून, पाणी सोडत कापायचं असतं. नंतर कडांना पातळ सुपरग्लू लावायचा, म्हणजे थर सुटत नाहीत. (कार्बनच्या पाटाचं आणखी एक पथ्य असतं, त्यातून वीज वाहते, त्यामुळे सोललेली वायर त्याला लागली तर कारभार आटोपलाच.) भोसरीत माझ्या जुन्या खातेदारांचं वर्कशॉप आहे. १९९६ मध्ये मी त्यांना मिलिंग मशिनसाठी कर्ज दिलं होतं, आणि त्यांनी ते मुदतीआधी फेडलं होतं. त्यांना फोन केला. ते म्हणाले, “साहेब, पोराला घेऊन या. मशिन मी देतो, पण काम त्यानं करायचं.”

तीन रविवार आम्ही भोसरीला गेलो. त्यांनी नातवाला आधी मशिनला हातच लावू दिला नाही. व्हर्निअर दिला आणि जुन्या गाडीची प्रत्येक भोकाभोकातली अंतरं तीनदा मोजून लिहायला लावली. पहिल्या आणि तिसऱ्या मोजणीत फरक आला की पुन्हा. दुसऱ्या रविवारी पाट कापला, भोकं पाडली, स्क्रूची डोकी आत बसावीत म्हणून खालून खोलगट खाचा केल्या. कारण गाडीचं पोट जमिनीपासून जेमतेम पाच मिलिमीटर वर असतं, आणि बाहेर आलेला एक स्क्रूही तिला उलटवू शकतो.

गाडी जोडल्यावर तिचा तोल पाहायची पद्धत मला फार आवडली. टीपॉयच्या काचेवर गाडी ठेवायची, पुढच्या बाजूला बरोबर मध्यरेषेखाली चाकूचं टोक घालून हळूच उचलायची. दोन्ही चाकं एकाच क्षणी काचेवरून सुटली पाहिजेत. एक आधी सुटलं तर पाटाला पीळ आहे किंवा स्प्रिंगा असमान आहेत. नंतर आजीचा स्वयंपाकघरातला वजनकाटा आला, शेजारून तीन आले, आणि चार चाकांखाली चार काटे लागले. डावीकडे सत्तावीस ग्रॅम जास्त भरले. शिशाचे छोटे तुकडे उजवीकडे चिकटवून ते बरोबर केले. काटे परत देताना आजीनं ते दोनदा पुसून घेतले. बॅटरी घरात चार्ज करायला मात्र तिचा विरोध होता, आणि तिचं बरोबर होतं. लिथियम पॉलिमरची बॅटरी जास्त चार्ज झाली किंवा ठेचली गेली तर पेटू शकते. दोन सेलची बॅटरी ८.४ व्होल्टला थांबवायची, तीन व्होल्टच्या खाली कुठलाच सेल उतरू द्यायचा नाही, आणि चार्जिंग सुरू असताना माणसानं समोर बसायचं. तेव्हा गच्चीवर मातीच्या कुंडीत चार्जिंग आणि शेजारी खुर्चीवर मी, अशी व्यवस्था झाली. दोन कादंबऱ्यांची टाचणं मी तिथे बसून काढली.

भोसरीच्या त्या वर्कशॉपपुढे मोठं डांबरी अंगण आहे. रविवारी सकाळी तिथे प्लास्टिकच्या बाटल्यांचा ट्रॅक मांडला आणि गाडी पहिल्यांदा धावली. धावली म्हणजे सुटली. आणि पहिल्याच वळणावर मागचं अंग पुढे आलं. नातवानं लगेच पुढची स्प्रिंग, मागची स्प्रिंग आणि चाकांचा कोन, असं सगळं एकदम बदलायला घेतलं. वर्कशॉपवाल्यांनी त्याचा हात धरला. “एका वेळी एकच. नाहीतर कशानं सुधारली ते तुला कळायचं नाही, आणि कशानं बिघडली तेही.”

त्या दिवशी घरी आल्यावर मी त्याला माझ्याकडची एक कोरी खतावणी दिली. डावीकडे नावे, उजवीकडे जमा. प्रत्येक बदलाला एक ओळ : तारीख, ऊन किती, काय बदललं, फेरीला किती सेकंद लागले; आणि मग काय मिळालं ते जमेला, काय गेलं ते नावे. पहिल्या आठवड्यात त्याचा जमेचा रकाना भरला आणि नावेचा कोराच राहिला. मी म्हटलं, “असं खातं जगात कुठंच नसतं. पुन्हा बघ.” मग हळूहळू त्याला दिसू लागलं. मागची चाकं किंचित आत वळवली तर गाडी सरळ धावते, पण वेग थोडा खाते. पुढची स्प्रिंग कडक केली तर स्टिअरिंग शांत होतं, पण गाडी वळणाबाहेर जाऊ पाहते. बॅटरी मागे सरकवली तर मागच्या चाकांना पकड येते आणि पुढची हलकी होतात. सगळ्यात मजेची गोष्ट पाटाची. तो जितका ताठ तितका चांगला, असं आम्हा दोघांनाही वाटे. पण भोसरीचं डांबर खडबडीत. ताठ पाटावर गाडी टणाटण उड्या मारी. त्यानं वरच्या पाटाचे मधले दोन स्क्रू काढले, पाट किंचित लवू लागला, आणि चाकं जमिनीला चिकटली. हीच गाडी गुळगुळीत गालिच्यावरच्या ट्रॅकवर नेली तर ते दोन स्क्रू परत लावावे लागतील, कारण तिथे पकड भरपूर असते आणि लवणारा पाट सुस्तावतो. म्हणजे चांगली चेसी अशी काही वस्तू नसते. या जागेला, या हवेला, या चालवणाऱ्याला चांगली, एवढंच असतं. शर्यत पाच मिनिटांची, पण त्यामागे खतावणीची चाळीस पानं.

बँकेत आणि नंतर लिहिताना मी हेच वेगळ्या कपड्यांत पाहिलं आहे. व्याजदर कमी केला की ठेवीदार कुरकुरतो. कादंबरीतल्या एका पात्राला चार पानं जास्त दिली की दुसऱ्याचा श्वास कोंडतो. फुकटची सुधारणा कुठेच नसते, पण हे वयाच्या सोळाव्या वर्षी, स्वतःच्या हातानं स्क्रू फिरवून कळणं निराळं.

इथपर्यंत सगळं गोडच चाललं होतं. निकाल लागला, गुण चांगले पडले, आणि नातवानं जाहीर केलं, की अकरावी सायन्सला जायचं नाही. छत्रपती संभाजीनगरला केंद्र सरकारची इंडो-जर्मन टूल रूम आहे, तिथे दहावीनंतर टूल अँड डाय मेकिंगचा पदविका अभ्यासक्रम करायचा. ही कल्पना त्याच्या डोक्यात भोसरीत शिरली, यात शंका नाही. वर्कशॉपवाले येता-जाता म्हणत, “मशिनं नवी घेता येतात साहेब, पण साचा हातानं जुळवणारी पोरं मिळत नाहीत.” चिरंजीव दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “बाबा, तुम्ही पंधरा हजार दिलेत. मला मुलाचं आयुष्य द्यावं लागतंय.” त्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. बापाचं भय नातवंडं असलेल्या माणसाला कळतं. त्यानं स्वतः ते एकदा भोगलेलं असतं. मी बँकेतच राहून लिहीन, असं माझ्या वडिलांना सांगितलं होतं तेव्हा त्यांचा चेहरा असाच झाला होता.

नातवानं वाद घातला नाही. त्यानं खतावणीचं नवं पान काढलं आणि दोन्ही मार्गांच्या जमा-नावे मांडून वडिलांच्या पुढ्यात ठेवल्या. टूल रूमच्या जमेला : हातानं काम, लवकर कमाई, आवड. नावे : घरापासून लांब, मित्र सुटणार, सुरुवातीला पगार कमी. संगणकाच्या इंजिनिअरिंगच्या जमेलाही त्यानं प्रामाणिकपणे पाच ओळी लिहिल्या होत्या. चिरंजीवांनी बराच वेळ पान वाचलं. मग पेन घेऊन टूल रूमच्या नावे रकान्यात एक ओळ घातली : ‘पुढे पश्चात्ताप झाला तर?’

“बाबा, ही ओळ दोन्हीकडे लिहावी लागेल ना?” नातवानं विचारलं.

चिरंजीवांनी मान वर केली, त्याच्याकडे पाहिलं, आणि पलीकडच्या रकान्यातही तीच ओळ आपल्या अक्षरात लिहिली. नंतर त्यांनी चेसीबद्दल पहिल्यांदा प्रश्न विचारला : ते दोन स्क्रू काढल्यावर फेरीला किती सेकंद वाचले?

पान अजून पुरं झालेलं नाही. अर्जाला नऊ दिवस उरले आहेत, कर्जाचा पहिला हप्ता वेळेवर जमा झाला आहे, आणि येत्या रविवारी भोसरीला आम्ही तिघंही जाणार आहोत.